कोणता पाय

तेलगाव
१२ जानेवारी २०२५

चि. रोहिणीस बायना आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

काल बंकट येऊन गेला. आपल्या शेजारचा, उसाचा ट्रक चालवतो तो. कड्याच्या कारखान्यावर माल उतरवून तुमच्या गल्लीवरून आला म्हणे. मी दारात शेंगा निवडत बसले होते. माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, "काकू, तुमची रोहिणी लंगडती!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, मला तेवढं गेलं नाही. मग बिचाऱ्यानं चालून दाखवलं. पण एकदा या पायानं लंगडला, एकदा त्या पायानं. मी विचारलं, "अरे, कोणता पाय?" तर म्हणाला, "पाय बघितला न्हाई काकू, तोंड बघितलं."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोन लावावा तर माझे कान असे. पलीकडून नुसती पिठाची गिरणी चालल्यासारखी वाटते. म्हणून हा कागद घेतला. तू पहिलीत गेलीस तेव्हा तुझ्याच पाटीवर तुझ्याबरोबर मी अक्षरं गिरवली. तुझं अक्षर पुढं मोत्यासारखं झालं, माझं अजून शेंगाच्या टरफलासारखं. पण तुला वाचता येतं, मला तेवढं पुरे.

सहावा महिना सरत आला ना तुझा? चैतालीच्या वेळी तू काही कळवलं नाहीस, नीट झालं तेच कळवलंस. या वेळी तसं करू नकोस. तुझी आई असती तर तिच्यापाशी बोलली असतीस, ती नाही तर मी आहे. मशीनवर किती बसतेस? दुखणं कंबरेत आहे का खाली उतरतं? पायाला मुंग्या येतात का? सगळं लिही.

आणि कोणता पाय तेही लिही. आमची सासू म्हणायची, गरवार बाईचा उजवा पाय भरून आला की पोरगा आणि डावा आला की पोरगी. माझे दोन्ही पाय दुखले आणि पदरात एकही नाही, तेव्हा तिच्या शास्त्रात किती राम होता ते तूच बघ. हसलीस का? हसावं म्हणूनच लिहिलं.

सरूबाईंना आणि अंगदला जयभीम. चैतालीला माझ्या वाटणीचा एक मुका.

तुझी
बायना आत्या


कडा
२२ जानेवारी २०२५

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पत्र आलं की आमच्याकडे काय होतं ते तुला माहीत नाही. सासूबाई आधी चहा टाकतात. मग भिंतीला टेकून, पाय लांब करून बसतात आणि म्हणतात, "हां, वाच आता. मधलं गाळू नको." त्यांना वाचता येत नाही, पण गाळलेलं बरोबर कळतं. म्हणून तुझं पत्र मी सगळं मोठ्यानं वाचलं. बंकटमामांच्या लंगडण्यावर त्या खूप हसल्या.

मग तुझ्या सासूबाईंचं ते उजव्या-डाव्याचं आलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला. "कोणता गं?" म्हणाल्या. मी म्हणाले, "उजवा."

आत्या, त्या दिवसापासून घरातलं वारंच फिरलं. नळाला पाणी आलं की हंडे त्या भरतात. भाकरीला मला खाली बसू देत नाहीत. संध्याकाळी करडीचं तेल कोमट करून माझा उजवा पाय मांडीवर घेतात आणि टाचेपासून वरपर्यंत चोळतात. शेजारच्या बायकांना सांगतात, "उजवा हाय बरं का, उजवा."

दुखणं म्हणशील तर कुल्ल्यातून निघतं आणि मांडीच्या मागून पोटरीपर्यंत वीज उतरावी तसं उतरतं. मशीनवरून उठताना सगळ्यात जास्त. खाली बसले की उठता येत नाही, उभी राहिले की उभं राहवत नाही. जयंतीचे पांढरे ब्लाऊज शिवायला आलेत, सगळ्या महिला मंडळाचे. नाही कोणाला म्हणू?

तू काळजी करू नकोस. बाळंत झाल्यावर जातं म्हणतात.

तुझी
रोहिणी

(आत्या, जयभीम. पत्र टाकायला मीच चाललोय म्हणून दोन ओळी. आई लई खूश हाय. तुमच्या सासूबाईंना आमच्या घरातून मान द्यायला पाहिजे. — अंगद)


तेलगाव
१ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अर्धी हसले आणि अर्धी गप्प झाले. सरूबाईंनी हंडे उचलले हे चांगलंच झालं. कशापायी का होईना, तुझ्या कंबरेवरचं ओझं उतरलं. पण माझं ते बोलणं त्यांनी एवढं मनावर घ्यावं असं त्यात काही नाही. सरूबाई, हे तुम्ही ऐकताय ना? थट्टा होती हो ती. आमच्या सासूनं आमच्या जावेला पोरगा सांगितला होता आणि पाठोपाठ चार मुली झाल्या. चौघीही नोकरीला आहेत, ती गोष्ट वेगळी.

आता कामाचं. आमच्या गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना मी विचारलं आणि त्यांनी पाटीवर उत्तर लिहून दिलं. पोट वाढतं, कंबरेची हाडं सैल होतात आणि पायात जाणारी मोठी नस दाबली जाते. सायटिका म्हणतात. बाळाला त्याचा धोका नाही, पण आईचा जीव काढतं. दुखरा पाय वर ठेवून निजायचं. तुझा उजवा आहे, म्हणजे तू डाव्या कुशीवर निज. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. उठताना एकदम उठायचं नाही. आधी कुशीवर व्हायचं, मग पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर. शेक द्यायचा तो कोमट, चटका बसेल असा नाही. दुकानातून आपल्या मनानं गोळी आणून खायची नाही. आणि एकदा दवाखान्यात दाखवायचंच. व्यायाम सांगणाऱ्या बाई असतात तिथं, त्यांच्याकडून शिकून घे.

मशीनवर बसलीस की एक ब्लाऊज झाला की उठ, दारापर्यंत जाऊन ये. मंडळातल्या बायकांना सांग, आत्यानं सांगितलंय म्हणून. बाबासाहेबांची जयंती तुझा पाय मोडून साजरी करा असं कोणी सांगितलेलं नाही.

मला विहारात सकाळी वाचन असतं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून वाचते, कारण माझं मलाच ऐकू येत नाही. तुझं नाव मनात घेऊन वंदना म्हणते.

आत्या


कडा
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास जयभीम.

हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे. अंगद कामावर गेलेत, सासूबाई दळण आणायला गेल्यात. म्हणून आज खरं लिहिते.

माझा उजवा पाय दुखत नाही. डावा दुखतो. पहिल्या दिवसापासून डावाच.

त्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवून विचारलं ना, तेव्हा त्यांचं तोंड तू बघायला हवं होतंस. आणि माझ्या तोंडातून 'उजवा' निघून गेलं. मी ठरवलं नव्हतं. नंतर बदलावं म्हटलं, तर तोपर्यंत त्यांनी हंडा उचललेला होता.

आत्या, चैतालीच्या वेळी मी नववा लागेपर्यंत पाणी भरलं. त्या वाईट वागल्या नाहीत, पण कोणी विचारलंही नाही. या वेळी विचारतात. सकाळी विचारतात, संध्याकाळी विचारतात. मला मुलगा हवा का मुलगी, ते आता माझ्यापर्यंत पोचतच नाही गं. मला फक्त थोडं आडवं व्हायचंय.

पण आडवंही होता येत नाही. तू लिहिलंस डाव्या कुशीवर निज, ते पत्र सासूबाईंनी ऐकलं. आता मी कूस बदलली की त्या हाक मारतात, "डाव्यावर हो गं, आत्यानं लिवलंय." डाव्यावर निजले की निखाऱ्यावर निजल्यासारखं होतं. उजव्यावर लंगडायचं म्हणजे सगळा भार डाव्यावर. एखाद्या वेळी विसरते आणि खऱ्या पायानं लंगडते. परवा चैताली म्हणाली, "आई, तू पाय बदललास." मी म्हणाले, "तो खेळ आहे बाळा." आता ती पण अंगणात पाय बदलून लंगडते.

शेकाचं तर विचारू नकोस. चुलीत वीट तापवून, लुगड्यात गुंडाळून त्या उजव्या बाजूला लावतात. कोमट कशाची. कातडी लाल झालीय. आणि त्या इतक्या मायेनं लावतात की मला ओरडताही येत नाही.

दवाखान्यात नेलं होतं. व्यायामाच्या बाईंनी मला निजवून उजवा पाय सरळ वर उचलला. "दुखतंय?" मी "आई गं" म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग डाव्याला हात घालायला गेल्या, तर मी म्हणाले, तो बरा आहे, राहू द्या. सासूबाई उशालाच उभ्या होत्या. बाईंनी सगळे व्यायाम उजव्याचे दाखवले. घरी त्या माझ्यासमोर बसून करून घेतात. चांगल्या पायाला रोज व्यायाम आणि दुखरा तसाच.

आता डाव्या पायाचा अंगठा बधिर वाटतो. मशीनचं पायडल उजव्यानंच मारते.

मी काय करू? खरं सांगितलं तर त्या म्हणतील पोरगी आहे, आणि वर खोटारडी म्हणतील. पुन्हा हंडे येतील. तेवढं अंगात राहिलेलं नाही आता.

तुझी
रोहिणी


तेलगाव
२२ फेब्रुवारी २०२५

(पहिला कागद, सगळ्यांसाठी)

चि. रोहिणी, सौ. सरूबाई आणि मंडळींना जयभीम.

एक चूक झाली ती दुरुस्त करते. आमच्या सासूचं बोलणं मी मागं लिहिलं ते उलट लिहिलं गेलं. परवा आमच्या जावेला विचारलं, ती म्हणाली, डावा पाय भरून आला तर पोरगा असं म्हणायच्या त्या. माझं वय झालं, डोक्यात उलटसुलट होतं. तेव्हा उजव्यावर फार विसंबू नये. दुखणं एका पायातून दुसऱ्या पायात उतरतं असंही बायका सांगतात. ज्या दिवशी जो पाय दुखेल त्याची काळजी घ्यावी, आणि दवाखान्यात पुन्हा एकदा दोन्ही पाय दाखवून आणावेत.

बायनाबाई

(दुसरा कागद, रोहिणी, तुझ्यापुरता)

पोरी, पहिला कागद तू वाचलास. तो खोटा आहे. आमची जाऊ मरून दहा वर्षं झाली, तिला कुठं विचारणार?

रोज सकाळी विहारात बसून खोटं बोलणार नाही म्हणते आणि दुपारी हे लिहिते. पण तुझ्या पत्रानं माझी झोप उडाली. तो अंगठा बधिर होतोय म्हणालीस, त्याची मला भीती वाटते. आशाताईंनी पाटीवर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या, लगेच दाखवा म्हणून. तेव्हा तू असं कर. पहिला कागद मोठ्यानं वाच. मग एक-दोन दिवसांनी म्हण, दुखणं डाव्यात उतरलं. त्यांचा पोरगा त्यांच्यापाशी राहील आणि तुझा खरा पाय डॉक्टरांच्या हातात जाईल.

ठिणगी मीच टाकली, हसावं म्हणून. आता एक खोटं झाकायला दुसरं, त्यावर तिसरं. गोधडीला ठिगळं लावत जावं तशी गत. जमलं, अंगात बळ आलं, तर पहिला कागद चुलीत घाल आणि सरळ सांगून टाक: माझा डावा दुखतो. नाही जमलं तर वाच. मी तुला काही म्हणणार नाही.

हा कागद मात्र वाचून झाला की फाड.

आत्या


कडा
४ मार्च २०२५

विहीणबाई बायनाबाईंना सरूबाईचा जयभीम.

मी बोलते आन् अंगद लिवतो. मधी त्यानं शहाणपणा केला तर तुमाला कळंलच.

तुमचं पत्र आलं तवा तुमची रोहिणी निजून होती. कावून निजून होती ते आधी सांगते. सकाळी मशीनीवरनं उठली आन् डावा पाय खाली टेकलाच न्हाई. नुसता मुडपला. मशीनीला धरून खाली बसली म्हणून बरं, पोटाला लागलं न्हाई. आमी तवाच गाडी करून दवाखान्यात नेली. बाळ चांगलं हाय, ठोका चांगला हाय. घाबरू नका. पण डॉक्टरीण विचारती, "डावा कधीपासून?" आन् ही नुसतं रडती. मला वाटलं, पडल्यामुळं रडती.

घरी आणून निजवली. दुपारी पोस्टमन आला. ती झोपलेली, म्हणून मी अंगदला म्हणलं, तू वाच. त्याला काय ठावं दोन कागद येगळे हायत ते. पहिला वाचला. मी म्हणलं, बघा, विहीणबाईंचं काय खरं न्हाई, आज उजवा उद्या डावा. मग दुसरा वाचाया लागला आन् मधीच थांबला. मी म्हणलं, "वाच." म्हणला, "आई, हा आपल्यासाठी न्हाई." मी म्हणलं, "आता तर वाचच."

वाचला त्यानं.

(आई, पुढचं लिहू का? — लिव. समदं लिव.)

विहीणबाई, मला तुमचा लई राग आला. तुमी विहारात बसून वाचून दाखवता, आपल्यात असलं मानत न्हाईत म्हणून आमाला सांगता, मग लिवलं कावून? थट्टा तुमच्या घरात ठिवायची. माझ्यासारखी आडाणी बाई ऐकणार, तिनं काय करायचं?

आन् तुमच्या भाचीचा त्याहून राग आला. दीड महिना मी तिचा पाय मांडीवर घेतला. माझेबी गुडघे गेलेत. तेल चोळू चोळू हाताला घट्टे आले. आन् समदं फुकट? बऱ्या पायाला? वीट तापवून लावली तर चटका सोसला तिनं, पण तोंड उघडलं न्हाई. मी काय वाघीण हाय का?

ती उठली तवा मी विचारलं. "मला कावून न्हाई सांगितलं?" तर म्हणली, "तुम्ही पाणी भरत होता." एवढंच म्हणली.

चैतालीच्या वक्ताला मी हंडा धरला न्हाई हे खरं हाय. तवा सुनंनंच पाणी भरायचं असतं, मीबी भरलंय, असं वाटायचं. आता भरलं ते तिचा पाय दुखतो म्हणून भरलं, का पोरगा हाय म्हणून भरलं, ते माझं मलाबी सांगता येत न्हाई. खोटं कावून बोलू? पोरगा ऐकून बरं वाटलं. लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिशी मीच दवाखान्यात नेली. व्यायामाच्या बाईंनी विचारलं, "कोणता?" मी समद्या बायकांसमोर म्हणलं, "डावा. माझ्यामुळं उजवा सांगितलता. डावा." बाईंनी डावा उचलला तर निम्म्यातच हिनं किंकाळी फोडली. बाईंनी समदं बदललं. आता उजव्या कुशीवर निजायचं. पोटाला बांधायचा पट्टा दिलाय. अंगठ्यात जान हाय म्हणाल्या, पण मशीन बंद. बाळंत होईस्तोवर बंद. उरलेले बिलाऊज मंडळाच्या बायका आपसात वाटून घेतील, मी घरोघर जाऊन देऊन आले. एक म्हणली, "मग आता पोरगी का वो?" मी म्हणलं, "तुझं तू शिव."

पाणी मीच भरते. ते सोडलं न्हाई. पण माझं तोंड फुगलेलं हाय, तेबी सांगून ठिवते. उगंच गोड झालं असं समजू नका.

सरूबाई

(मी काही बदललं नाही. रोहिणी आज उजव्या कुशीवर दुपारभर झोपली. खूप दिवसांनी. — अंगद)


तेलगाव
१२ मार्च २०२५

सौ. सरूबाईंना बायनाबाईचा जयभीम.

तुमचं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. तुम्ही रागावलात ते बरोबर. थट्टा माझी आणि चटका पोरीला. तुमच्या हातचं तेल मी फुकट घालवलं. दुसरं काही लिहीत नाही, कारण कितीही लिहिलं तरी ते तेल परत येणार नाही.

तुम्ही स्वतःला आडाणी म्हणता. दवाखान्यात सगळ्यांसमोर जे बोललात ते मला कागदावरसुद्धा सुचलं नव्हतं. मी लिहिता येतं म्हणून दोन कागद केले.

बंकटच्या हाती एक लहान गोधडी पाठवते आहे. माझ्या जुन्या लुगड्यांची आहे, मऊ पडलीय. घडी करून रोहिणीच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ठेवा. उशी सरकते, ही सरकत नाही. मी आले असते, पण बाळ रडलेलं मला ऐकू यायचं नाही, तेव्हा रात्री माझा काय उपयोग? तिथं तुम्हीच आहात.

तुमचं तोंड फुगलेलं राहू द्या. मीही पोरीवर फुगलेय थोडी.

बायनाबाई


कडा
१८ एप्रिल २०२५

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

अंगदनी बंकटमामांकडून निरोप दिला होता, तो मिळाला असेलच. मुलगी झाली. पाच तारखेला. दोघी ठीक आहोत. आज पहिल्यांदा उठून बसून लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

शेवटचा महिना कसा गेला ते विचारू नकोस. पट्टा होता, तुझी गोधडी होती, व्यायाम होते, तरी डाव्या पायानं सुखानं एक भाकरी खाऊ दिली नाही. बरं वाटायचं, पुन्हा यायचं. पण जिथं दुखतं तिथं हात ठेवून 'इथं' म्हणता यायचं. तेवढ्यानं निम्मं हलकं वाटायचं. सासूबाई फार बोलायच्या नाहीत. पाणी भरायच्या, भाकरी पुढ्यात ठेवायच्या. तेल मात्र बंद होतं. दवाखान्यातल्या बाईंनी जोरानं चोळू नका म्हटलं होतं, म्हणून बंद, असं त्या म्हणायच्या.

मुलगी झाली तेव्हा त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात होत्या. सिस्टरनी बाळ हातात दिलं. त्यांनी घेतलं, पदरात नीट गुंडाळलं, तोंड बघितलं आणि अंगदच्या हातात दिलं. वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. चांगलाही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर दोन-चार दिवस तशाच. माझं पथ्य करायच्या, बाळाला अंघोळ घालायच्या, लंगोट धुवायच्या, सगळं करायच्या. पण गप्प. चैताली विचारायची, "आजी, तू रुसलीस?" तर म्हणायच्या, "दात दुखतो."

मला रडायलासुद्धा कंटाळा आला होता. वाटायचं, मी त्यांना पुन्हा एकदा फसवलं.

जयंतीला मिरवणूक गल्लीतून गेली. मी खिडकीत उशीला टेकून बघत होते. सगळ्या बायकांच्या अंगात पांढरे ब्लाऊज, काही मी शिवलेले, काही त्यांनी आपसात वाटून शिवलेले. दोघींच्या बाह्या तोकड्या झाल्या होत्या. सासूबाईपण गेल्या होत्या. त्यांचा ब्लाऊज मी जानेवारीतच शिवून ठेवला होता.

मिरवणुकीवरून आल्या त्या घामाघूम. पाणी प्यायल्या. मी न्हाणीकडं जायला म्हणून उठले, भिंतीला धरून. आता पाय टेकतो आत्या, वीज पहिल्यासारखी उतरत नाही. पण उठताना अजून एक कळ मारते. तोंडावर आली असेल. मी काही बोलले नव्हते.

परत येऊन निजले तर त्या आत स्वयंपाकघरात काही करत होत्या. करडीच्या तेलाचा वास आला. वाटी घेऊन आल्या, माझ्या पायथ्याशी बसल्या, स्वतःचे गुडघे चेपत चेपत. मांडीवर जुनं फडकं अंथरलं. बोटं तेलात बुडवली आणि माझ्याकडं बघितलं.

"कोणता?" म्हणाल्या.

मी म्हणाले, "डावा."

"दे इकडं."

तुझी
रोहिणी